नाव झाकतं, बेरीज झाकत नाही

बीड जिल्ह्याला अर्थसंकल्प वाचायची सवय रेल्वेनं लावली. नगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली. तेव्हापासून अर्थसंकल्पाचं भाषण कितीही लांबलं तरी इथल्या माणसांचा प्रश्न एकच असायचा: आपल्या ओळीत किती पडले? ती ओळ भाषणात बहुधा नसायची. ती असायची रेल्वेच्या ‘पिंक बुक’मध्ये, शेकडो कामांच्या रांगेत कुठंतरी. १७ सप्टेंबर २०२५ला बीड शहरापर्यंत गाडी आली. मधल्या तीस वर्षांत जिल्ह्याला एवढं पक्कं कळलं होतं की सरकारच्या मनातलं भाषणापेक्षा रकान्यात जास्त खरं उमटतं.

आता तेच कागद जरा वेगळ्या नजरेनं पाहा. रेल्वेची ओळ शोधणाऱ्याला नाव ठाऊक असतं आणि रक्कम हवी असते. पण देशाच्या अर्थसंकल्पात अशाही रकमा असतात, ज्यांचं नाव कुठंच छापलेलं नसतं. परदेशातली हेरगिरी सांभाळणारी ‘रॉ’ सप्टेंबर १९६८मध्ये उभी राहिली. ती मंत्रिमंडळ सचिवालयाच्या छत्राखाली येते आणि तिच्या स्वतःच्या नावाची ओळ अर्थसंकल्पात सापडत नाही. चीनच्या युद्धाच्या धामधुमीत, १४ नोव्हेंबर १९६२ला उभारलेलं ‘स्पेशल फ्रंटियर फोर्स’ हे दलही त्याच छत्राखाली. नेहरूंच्या वाढदिवशी जन्मलेल्या या दलाचं नाव सामान्य माणसाच्या कानावर यायला कित्येक दशकं गेली.

इथवर कुणाला आश्चर्य वाटणार नाही. गुप्तहेर म्हटल्यावर गुप्तता आलीच. मला थक्क करतं ते पुढचं. आपल्या संविधानाचं कलम २६६ सांगतं की भारताच्या एकत्रित निधीतून कायद्याशिवाय पैसा निघणार नाही. त्या वाक्यात ‘हेरांसाठीचा पैसा सोडून’ असा अपवाद नाही. म्हणजे सीमेपलीकडच्या खबऱ्याच्या हातात पडणारी नोटसुद्धा आधी लोकसभेत मागणी म्हणून मांडावी लागते, तिच्यावर मतदान व्हावं लागतं, ती विनियोजन विधेयकात यावी लागते आणि ते विधेयक कायदा म्हणून राजपत्रात छापावं लागतं. गुप्त रुपयाला उघड दारातूनच बाहेर पडावं लागतं. त्याला वेषांतर करता येतं, दुसऱ्या खात्याचं नाव लावता येतं, मोठ्या आकड्यात मिसळता येतं. बेरजेतून मात्र सुटता येत नाही. पांघरुणाखाली झोपलेल्या माणसाचा चेहरा दिसत नसला तरी त्याची उंची कळते, तशी या पैशाची गत असते.

ही उंची मोजण्याची विद्या फार आधुनिक असेल असं वाटतं. पण तिचं एक जबरदस्त उदाहरण बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईपासून सुरू होतं.

मुकुंदराजांची समाधी आणि योगेश्वरीचं देऊळ यांमुळे आपण जे गाव ओळखतो, त्याचं निजामाच्या राज्यातलं नाव मोमिनाबाद. एकोणिसाव्या शतकात तिथं घोडदळाची छावणी होती. हे घोडदळ ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाच्या फौजेचं. बोलारम, औरंगाबाद, जालना, हिंगोली, एलिचपूर, लिंगसुगूर आणि मोमिनाबाद अशी तिची ठाणी होती. नाव हैदराबादचं, जमीन हैदराबादची, पगारही हैदराबादचा. अधिकारी मात्र इंग्रज, आणि हुकूम इंग्रज रेसिडेंटचा.

ही फौज होती कुणाची? १८००च्या तहानं निजामानं ‘तैनाती फौज’ कायमची स्वीकारली होती, ती वेगळी. कंटिन्जंटचा जन्म त्यानंतरचा. हेन्री रसेल हा रेसिडेंट आणि चंदूलाल हा निजामाचा कारभारी, या दोघांच्या काळात ती वाढत गेली. शांततेच्या काळात अशी फौज निजामानं पदरच्या पैशानं पोसावी असं तहात लिहिलेलं नव्हतं. तरी खर्च दरसाल होत राहिला आणि तिजोरी रिकामी होत गेली. छावणीतले गोरे अधिकारी आपसांत म्हणत, बिचारा ‘निझी’ भरतो सगळ्यांचं.

पैसे कमी पडले की कर्ज. हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी नावाची पेढी होती. निजामाच्या फौजेचे पगार भागवायला ती पैसे पुरवायची, औरंगाबादकडच्या घोडदळाचेसुद्धा. तिचा एक भागीदार सर विल्यम रम्बोल्ड. त्याची बायको गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या घरात वाढलेली, त्यामुळे या पेढीच्या वह्या उघडायला कोण धजणार? १८२०मध्ये चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला आणि त्यानं वह्या उघडल्या. पेढीनं निजामाला ६० लाखांचं कर्ज दिल्याचं कागदावर होतं. मेटकाफला दिसलं की त्यातले ८ लाख निजामाला मिळालेच नव्हते, ते पेढीच्या भागीदारांचा ‘बोनस’ म्हणून कर्जात मिळवले होते. निजामाच्या नावानं काढलेल्या कर्जात निजामाला न मिळालेली रक्कम बसली होती, आणि व्याज मात्र पूर्ण ६० लाखांवर चढत होतं. पुढं १८२४मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं या प्रकरणाचा सगळा पत्रव्यवहार छापून काढला. लंडनमधल्या भागधारकांना औरंगाबादच्या शिलेदारांच्या पगाराचं त्रांगडं पानोपान वाचायला मिळालं.

पण मूळ दुखणं तसंच राहिलं. १८५३पर्यंत कंटिन्जंटच्या थकलेल्या पगारापोटी कंपनीचं निजामाकडे चाळीस लाखांहून जास्त येणं झालं, असं कंपनी सांगू लागली. २१ मे १८५३ला तह झाला. निजामानं वऱ्हाड, रायचूर दुआब आणि बीडच्या शेजारचं धाराशिव कंपनीच्या हवाली केलं. त्या मुलखाच्या वसुलातून किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि चार तोफखाने पोसायचे आणि उरेल ते निजामाला परत करायचं, असं ठरलं. या तहात एक कलम होतं, ते हिशेबाच्या माणसाच्या डोळ्यात भरावं असं. रेसिडेंटनं दरसाल जमाखर्चाचा खरा हिशेब निजामाला द्यायचा. मोमिनाबादच्या घोड्यांच्या चंदीला किती लागले ते विचारायचा हक्क, निदान कागदावर, मालकाला मिळाला होता.

तो हक्क सात वर्षं टिकला. १८५७च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला, म्हणून डिसेंबर १८६०च्या नव्या तहात त्याला बक्षिसं मिळाली. धाराशिव आणि रायचूर दुआब परत आले, कर्ज माफ झालं. या बक्षिसांच्या मधोमध एक कलम शांतपणे बसवलं होतं: वऱ्हाडाच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क निजामानं सोडून दिला, मागचाही आणि पुढचाही. शिल्लक राहिली तर मिळेल. मात्र शिल्लक का राहिली नाही, हे विचारायचं नाही. एका फौजेचा खर्च एका ओळीत गुप्त झाला. इतिहासाच्या पुस्तकात हे कलम अर्ध्या वाक्यात उरकतात. मला वाटतं, त्या तहातली सर्वांत महागडी गोष्ट तीच होती.

माफ झालेलं ते कर्ज मुळात खरं होतं का? याचं उत्तर कर्नल डेव्हिडसन या रेसिडेंटनं १८६०मध्येच आपल्या सरकारला लिहून ठेवलं होतं. दोन्ही सरकारांची देणीघेणी निःपक्षपणे पाहिली असती तर निजामाकडे आपलं काही येणं निघालंच नसतं, असा त्याचा अभिप्राय. त्याचा आधार फौजेच्या वह्यांत नव्हता, तो दारूच्या हिशेबात होता. सिकंदराबाद आणि जालना इथल्या छावण्यांत विकल्या जाणाऱ्या दारूवरचं अबकारी उत्पन्न १८१२पासून १८५३पर्यंत इंग्रज घेत आले होते. ते वर्षाला लाखाच्या घरात जायचं. एक्केचाळीस वर्षांचे चाळीसेक लाख, म्हणजे जवळपास मागितलेल्या कर्जाएवढीच रक्कम. जमीन निजामाची, म्हणून ते उत्पन्न त्याच्या खात्यावर जमा धरायला हवं होतं. एका बाजूला फौजेचं थकलेलं येणं, दुसऱ्या बाजूला त्याच फौजेच्या छावणीतल्या गुत्त्यांची कमाई, आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघायला कुणाला सांगितलेलंच नव्हतं. सैन्याचा खर्च शोधणाऱ्यांना आजही हाच धडा पहिल्यांदा गिरवावा लागतो: आकडा सैन्याच्या वहीत सापडला नाही, तर सैन्याच्या शेजारच्या वहीत पाहा.

सालारजंग पहिले हे १८५३च्या तहानंतर काहीच दिवसांत निजामाचे दिवाण झाले आणि १८८३पर्यंत दिवाण राहिले. हिशेब मागायचा हक्क गेला होता, पण वऱ्हाडाचे वार्षिक प्रशासकीय अहवाल इंग्रज स्वतःच छापत. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला, रेल्वे आली, वसूल वाढत गेला. मग शिल्लक का फुगत नाही? मुलकी कारभारावरचा खर्च वसुलाच्या जोडीनं का चढतो? हे प्रश्न सालारजंगांनी वर्षानुवर्षं लावून धरले, त्यासाठी १८७६मध्ये इंग्लंडपर्यंत गेले. वऱ्हाड परत मिळालं नाही. ५ नोव्हेंबर १९०२च्या करारानं कर्झननं ते कायमच्या पट्ट्यावर घेतलं, वर्षाला २५ लाखांवर. पुढच्याच वर्षी कंटिन्जंट इंग्रजी फौजेत विरघळली. तिच्यातल्या एका घोडदळ रेजिमेंटची ‘२०वी डेक्कन हॉर्स’ झाली आणि १४ जुलै १९१६ला सोमच्या लढाईत भाल्यांनिशी जर्मनांवर चालून गेली. आपल्या मराठवाड्यातल्या छावण्यांत वाढलेली परंपरा फ्रान्सच्या गव्हात जाऊन भिडली, आणि तिचा पाया घातला होता वऱ्हाडच्या शेतसाऱ्यानं.

गुप्त खर्चाला जमाखर्चात जागा करून देण्याची रीत इंग्रजांनी आणली असं मात्र नाही. पेशवाईच्या हिशेबांत ‘अंतस्थ’ आणि ‘दरबार खर्च’ या नावांखाली कुणाला दिले ते न सांगायचे पैसे मांडले जात. १८१९च्या अहवालात इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टननं याची नोंद केली आहे. कुणाला दिले हे लिहायचं नाही, पण दिले हे लिहायचंच. कारकुनाचा हा प्रामाणिकपणा मला विलक्षण वाटतो. आजच्या पोलीस खात्यात खबऱ्यांसाठी असणारा गुप्त निधी याच जातीचा. केंद्राच्या हिशेबात खर्चाच्या प्रत्येक प्रकाराला दोन अंकी क्रमांक असतो. पगाराला ०१, कार्यालयीन खर्चाला १३, शस्त्रं आणि दारूगोळ्याला २२. या यादीत ४१ क्रमांकापुढे अनेक वर्षं सरळ शब्दांत लिहिलेलं होतं: गुप्त सेवा खर्च. त्याची पावती-पावती तपासली जात नाही, जबाबदार अधिकाऱ्याच्या दाखल्यावर भागतं. पण क्रमांक आहे, रक्कम आहे आणि ती बेरजेत धरलेली आहे.

जगातल्या मोठमोठ्या सरकारांनाही ही बेरीज चुकवता आलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं अणुबॉम्बवर सुमारे २ अब्ज डॉलर खर्च केले आणि ते लष्कराच्या इतर शीर्षांत दडवले. तरी १९४३च्या जूनमध्ये हॅरी ट्रुमन या सिनेटरला वॉशिंग्टन राज्यातल्या पॅस्कोजवळच्या एका अवाढव्य बांधकामाचा वास लागलाच. युद्धमंत्री स्टिम्सननं फोन करून त्याला चौकशी थांबवायला सांगितली आणि तो थांबला. तिथं प्लुटोनियम तयार होणार होतं हे त्याला दोन वर्षांनी, राष्ट्राध्यक्ष झाल्यावर कळलं. ब्रिटनमध्ये ॲटलीच्या सरकारनं बॉम्बसाठी १० कोटी पौंडांच्या आसपास रक्कम संसदेला न जाणवता खर्च केली, आणि १९५१मध्ये सत्तेवर आलेल्या चर्चिललासुद्धा ते पाहून नवल वाटलं. पुढं ‘शेव्हलीन’ या अण्वस्त्र प्रकल्पाचा खर्च तिथल्या सरकारांनी वर्षानुवर्षं संरक्षण खात्याच्या मोठ्या आकड्यांच्या पोटात घातला. जानेवारी १९८०मध्ये संरक्षणमंत्री फ्रान्सिस पिम यांनी सभागृहात सांगितलं की तो १०० कोटी पौंडांवर गेला आहे. लोकलेखा समितीनं १९८२मध्ये विचारलं की एवढं होईपर्यंत आम्हाला का सांगितलं नाही?

आपल्याकडे याच तोडीचं उदाहरण म्हणजे अरिहंत. अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीचं काम कित्येक वर्षं ‘ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी व्हेसल’ या गुळमुळीत नावानं चाललं. २६ जुलै २००९ला विशाखापट्टणममध्ये ती पाण्यात उतरली आणि ऑगस्टमध्ये कल्पाक्कमची नमुना अणुभट्टी पत्रकारांना दाखवली गेली. तोवर नौदल, डीआरडीओ आणि अणुऊर्जा खातं यांच्या भल्यामोठ्या आकड्यांत तिचा खर्च ओळखू न येण्याइतका मिसळलेला होता. पण ती घडवणाऱ्यांत खासगी कारखानेही होते. त्यांतला एक आपल्या इंदापूर तालुक्यातला, वालचंदनगरचा. साखर कारखान्यांची यंत्रं बनवण्यासाठी तो प्रसिद्ध आहे. बीडचा ऊसतोड मजूर ज्या उसाच्या मोळ्या बांधतो, तो ऊस गाळणारी यंत्रं आणि अणुपाणबुडीचे भाग एकाच गावात तयार झाले. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीला दरसाल अहवाल छापावा लागतो, कुठल्या व्यवसायातून किती कमाई झाली ते सांगावं लागतं. सरकारच्या वहीत न दिसलेलं काम असं शेजारच्या वहीत दिसायला लागतं. जालन्याच्या दारूच्या हिशेबासारखंच हे.

आता एखादं पान प्रत्यक्ष उघडू. अर्थ मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ‘अनुदानाच्या मागण्या’ या नावानं फायली असतात, मोबाइलवर उघडतात, पैसे पडत नाहीत. संरक्षणाच्या चार मागण्या: मंत्रालयाचा मुलकी खर्च, सैन्याचा महसुली खर्च, सैन्याचा भांडवली खर्च आणि निवृत्तिवेतन. २०२५-२६ची त्यांची बेरीज ६,८१,२१० कोटी रुपये. पण आपल्याला हवं ते पान इथं नाही, ते गृह मंत्रालयाच्या गठ्ठ्यात आहे. तिथं ‘पोलीस’ या मागणीत इंटेलिजन्स ब्युरोची ओळ उघड छापलेली दिसते, साडेतीन हजार कोटींच्या वर. देशातली हेरगिरी नावानिशी आणि परदेशातली निनावी, हा फरक पहिल्यांदा दिसला की माणूस दचकतो. तिथून ‘मंत्रिमंडळ’ या मागणीकडे वळायचं आणि एकच वर्ष न बघता पाच-सहा वर्षांची पानं शेजारी मांडायची.

राष्ट्रीय सुरक्षा परिषद सचिवालयाची ओळ घ्या. २०१६-१७च्या मूळ अंदाजात तिच्यापुढे सुमारे ३३ कोटी आहेत. २०१७-१८मध्ये ३३३ कोटी. एका वर्षात दहापट. खालची पोटओळ पाहिली तर ३०० कोटी सायबर सुरक्षेतलं संशोधन आणि विकास या नव्या बाबीखाली दिसतात. ही ओळ संसदेच्या पटलावर होती, सगळ्यांना उघडी होती, आणि तिच्यावर देशभर गाजावाजा झाला तो २०२१च्या जुलैमध्ये. त्या पैशाचं पुढं काय झालं याबद्दल तेव्हा बरेच तर्क लढवले गेले. आकडा स्वतः त्यातला एकही तर्क सिद्ध करत नाही. तो एवढंच सांगतो की २०१७मध्ये इथं काहीतरी नवं आणि मोठं सुरू झालं. कागद वाचणाऱ्यानं तिथंच थांबायला हवं आणि पुढचा प्रश्न खासदाराला विचारायला लावायला हवा. रेल्वेसाठी बीडनं हेच केलं होतं.

कधीकधी हिशेब बोलायला फार वेळ लागतो. सप्टेंबर १९४८मध्ये भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात, म्हणजे या बीडच्याही मुलखात शिरलं. त्याआधी काही महिने सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या अंधारात हैदराबादेत शस्त्रं उतरवत होता. निजाम शरण आला आणि त्याच आठवड्यात, २० सप्टेंबरला, लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतल्या हैदराबाद सरकारच्या खात्यातून १०,०७,९४० पौंड ९ शिलिंग पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे गेले. हे पैसे शस्त्रांपोटी होते, असं पाकिस्ताननं पुढं न्यायालयात सांगितलं. २ ऑक्टोबर २०१९ला लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी तो दावा फेटाळला. एकाहत्तर वर्षांत रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती. वरचे ९ शिलिंगसुद्धा नोंदीत जसेच्या तसे होते.

हेराचं नाव, पाणबुडीचा मार्ग, खबऱ्याचा पत्ता हे कुणी छापावं असं मला मुळीच वाटत नाही. त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. पण एकूण किती, हा आकडा वेगळा. ब्रिटन १९९४पासून आपल्या गुप्तचर संस्थांचा एकत्रित आकडा संसदेपुढे ठेवतं. अमेरिकेनं २००७मध्ये ४३.५ अब्ज डॉलर ही बेरीज जाहीर केली आणि तेव्हापासून दरसाल करते. दोन्ही देशांच्या हेरगिरीचं त्यानं काही बिघडलेलं नाही. आपल्याकडे माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीनं रॉ आणि आयबीला वगळलं आहे. गुप्तचर संस्थांवर संसदेची देखरेख आणणारं खासगी विधेयक मनीष तिवारी यांनी २०११मध्ये मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. रॉवर वर्षाला किती रुपये खर्च होतात हा आकडा मात्र आजही दरसाल संसदेत मंजूर होतो, दुसऱ्या नावाच्या एका मोठ्या बेरजेच्या आत.